बोटभर ढील

माण तालुक्यात शेतीनं फार कुणाला तारलं नाही. तारलं ते दुधानं. पाऊस आला तर आला. माणगंगा नावाची नदी आहे, पण वर्षातले बरेच महिने ती वाळूचीच नदी असते. बाजरी, मटकी, हुलगा हाती लागला तर आपला म्हणायचा. पण दावणीला दोन जर्सी गाया असल्या की दर दहा दिवसांनी दुधाचं बिल यायचं. वाण्याची उधारी, पोरांच्या वह्या, पेंडीचं पोतं, सगळं त्या बिलावर चालायचं. त्यामुळं आमच्याकडं मोटारसायकलीची पारख तिच्या रंगावरून कुणी करत नसे. "किती लिटर वढती?" एवढंच विचारलं जायचं.

माझ्या लहानपणी दूधवाल्याची गाडी म्हणजे राजदूत. मागं निळा धूर सोडत ती वेशीत आली की कुत्री अंगावर धावून जायची. पेट्रोलमध्ये मापानं ऑइल मिसळावं लागायचं. मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी हंड्रेड बाजारात आली. आमच्या भागात ती दिसायला आणखी काही वर्षं गेली. इंजिन जेमतेम शंभर सीसीचं, आवाज शिलाई मशिनीसारखा, पण पेट्रोल इतकं कमी खायची की म्हातारी माणसं म्हणायची, ही गाडी वाऱ्यावर चालती.

१९९४ साली आबा आणि तात्यांनी मिळून फलटणहून एक जुनी सीडी हंड्रेड आणली. आबा म्हणजे माझे वडील, तात्या त्यांचे धाकटे भाऊ. पैसे निम्मे-निम्मे. आबांनी एक कालवड विकली आणि तात्यांनी काकूच्या पाटल्या मोडल्या. पुढं या पाटल्या बऱ्याच वेळा बोलण्यात निघाल्या, म्हणून इथंच सांगून ठेवतो.

गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या जोडून घेतल्या आणि त्यांत ४० लिटरच्या दोन किटल्या अडकवायच्या. नुसतं दूधच ८२ किलो भरतं. किटल्यांचं वजन वेगळं, आबांचं वेगळं. पहाटे साडेपाचला आमचं आणि वस्तीवरच्या वीस-बावीस घरांचं दूध घ्यायचं आणि ११ किलोमीटरवरच्या संकलन केंद्रावर सातच्या आत पोचवायचं. मध्ये एक खिंड. चढ असेल दीडेक किलोमीटरचा, पण खडीचा रस्ता आणि दोन वळणं अशी, की तिथं गाडी दुसऱ्यावर घेऊनच चढवावी लागे. उन्हाळ्यात उशीर झाला की दूध नासायचं. केंद्रावरचा माणूस किटलीचं झाकण उघडून नुसता वास घ्यायचा आणि हातानंच 'न्या परत' म्हणायचा. त्या दुधात आमच्या गाईंचं थोडं आणि दुसऱ्यांचं जास्त. परत आलेल्या किटल्या घेऊन वस्तीवर जायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक.

१९९७ च्या चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला तात्या गाडी घेऊन गेले. काकू मागं, चुलतभाऊ टाकीवर. कावडी मुंगी घाटानं चढतात, माणसं-गाड्या रस्त्यानं जातात. तात्या रस्त्यानंच गेले, दर्शन घेऊन रात्री परत आले. गाडी पुसून जागेवर लावली.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी आबा खिंडीत अडकले. मी मागं बसलो होतो. नववीची परीक्षा झालेली, सुट्टी होती, किटल्या उतरवायला आबा मला सोबत न्यायचे. पहिल्या वळणाला गाडीनं एकदम गळा काढला. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि गाडी मात्र म्हाताऱ्या माणसानं पायरी चढावी तशी एकेक वीत पुढं सरकत होती. आबांनी मूठ पिळली तर आवाजच वाढला. खालून करपल्यासारखा वास यायला लागला, विहिरीवरच्या मोटरीचं वायंडिंग जळताना येतो तसा. मी उतरून मागनं रेटायला लागलो. खिंडीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा दोघं घामानं भिजलेलो. उतार लागला की गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू लागली.

"क्लच घसरतोय," आबा म्हणाले. पाना काढला आणि मुठीजवळचा स्क्रू फिरवून क्लचची वायर आवळली.

दुसऱ्या दिवशी जास्त घसरला. आबांनी आणखी आवळली. तिसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावरही चौथ्या गिअरला गाडी वढ घेईना. पाचव्या दिवशी एकेक किटली करून दोन खेपा माराव्या लागल्या, आणि दुसऱ्या खेपेचं दूध परत आलं. चाळीस लिटर. त्या संध्याकाळी वस्तीवरच्या चार घरांनी दूध टेम्पोवाल्याकडं लावलं. कुणी वाईट बोललं नाही. "आबा, तुमची अडचण हाय, आमचीबी हाय," एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री ओसरीवर जे व्हायचं ते झालं.

"तीन शिटा घालून घाट चढवलास. प्लेटा जाळून आणल्यास," आबा म्हणाले.

"मी जाळल्या?" तात्या ताटावरनं उठले. "आबा, वरीसभर रोज दोन किटल्या तुमी वढताय. मी एक दिस देवाला गेलो तर माज्या नावावर बिल फाडताय व्हय?"

"यात्रंच्या आदी गाडी चांगली हुती. आता न्हाय. मग मधी कोण बसलं हुतं?"

काकू आतनं म्हणाली, "गाडीत माज्या पाटल्याबी हायत म्हणावं." आईनं तिला काहीतरी उत्तर दिलं. ते मला नीट ऐकू आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी घरात दोन चुली पेटल्या. आजी दोन्हीकडं जेवली नाही. तिनं भाकरी घेतली आणि गोठ्यात जाऊन खाल्ली.

आबांच्या बोलण्यात वरवर खोट नव्हती. आधी चांगली, मग यात्रा, मग वाईट. गावातल्या पारावरही लोक असाच हिशोब करत होते. जो शेवटी बसला, त्यानं बिघडवली. मोटारसायकल असो नाहीतर विहिरीवरचं इंजिन, खेड्यात बिघाडाचा पंचनामा बहुतेक असाच होतो.

दहिवडीला स्टँडच्या मागं लिंबाच्या झाडाखाली एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची पेटी, एक पाटी आणि जमीन. जमीन इतकं ऑइल प्यायलेली की तिथं गवत उगवत नसे. मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याला आधी 'प्लेटा गेल्यात, बदलून द्या' असं सांगितलेलं खपत नसे. "काय हुतंय त्ये सांगा. काय गेलंय त्ये मी सांगतो," असं तो म्हणायचा. आबांनी सगळं सांगितलं. तात्यांचं नावही घेतलं.

मिस्त्री काही न बोलता गाडीवर बसला. स्टँडमागच्या रस्त्यावर सावकाश नेऊन वरच्या गिअरला टाकली आणि एकदम मूठ पिळली. आवाज चढला, गाडी होती तिथंच. परत येऊन त्यानं गाडी तिसऱ्या गिअरला घातली, मागचा ब्रेक घट्ट दाबून धरला, थोडी रेस दिली आणि क्लच हळूहळू सोडला. "आता ही बंद पडाय पायजे," तो मला म्हणाला. क्लच पूर्ण सुटला तरी इंजिन आपलं चालूच. "बगितलंस? चाक बांधलेलं हाय आन् इंजिन फिरतंय. म्हंजी मधी कुटंतरी हात सुटलाय."

मग त्यानं चेन बघितली. चक्राचे दात झिजले तरी वढ जाते, पण मग चेन कटकट उड्या मारते. तसं काही नव्हतं. इंजिन दमलं असेल का, आबांनी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "इंजिन दमलं की आवाज बसतो. क्लच घसरला की आवाज चढतो. तुमचा चढतोय." हे वाक्य मी आजवर शेकडो जणांना सांगितलं असेल.

तेलाच्या झाकणाची काडी काढून त्यानं दोन बोटांत तेल चोळलं, वास घेतला. "कुठलं घातलंय? मायलेजचं औषध-बिवशद वतलंय का?" आबांनी नाही सांगितलं. या गाड्यांत क्लचच्या प्लेटा इंजिनाच्या तेलातच बुडालेल्या असतात. बाजारात इंजिन गुळगुळीत करणाऱ्या बाटल्या मिळतात, त्या ओतल्या की इंजिनाबरोबर क्लचही गुळगुळीत होतो आणि चांगल्या प्लेटाही घसरायला लागतात. मोटारीचं तेल घातल्यानंही कधी कधी तेच होतं. आमचं तेल साधं मोटारसायकलचंच होतं, फक्त काळं पडलेलं आणि करपलेलं.

मी विचारलं, "आदीच खोलून का बगत न्हाई?"

"आदी फुकटातलं बगायचं, मग पैशातलं," मिस्त्री म्हणाला आणि क्लचच्या दांडीला हात घातला. बोटानं नुसती हलवायला गेला तर दांडी हलेना. लगेच ताण. त्यानं आबांकडं बघितलं.

"आबा, ह्याला ढील कुठाय?"

"घसरतोय म्हणून आवळली की."

"ब्रेक घसरला की आवळायचा. क्लच घसरला की सैल करायचा. ही दोनी उलटी जनावरं हायत."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. आबांना नाही, मला. पण ऐकत आबाच होते. क्लच म्हणजे भाकरी आणि ताटली यांची चळत, तो म्हणाला. एक भाकरी, एक ताटली, परत भाकरी, परत ताटली. भाकऱ्या इंजिनाच्या, ताटल्या चाकाच्या. वरनं चार स्प्रिंगांनी ही चळत दाबून धरलेली असते. दाबलेली आहे तोवर दोन्ही एकत्र फिरतात आणि गाडी वढती. दांडी दाबली की स्प्रिंगांचा दाब उचलला जातो, चळत सैल होते, इंजिन वेगळं, चाक वेगळं. आता वायर इतकी ताणून ठेवली की दांडी न दाबताही ती थोडी दाबलेलीच राहिली, तर काय होणार? चळत कायम अर्धवट सैल. भाकरी-ताटली एकमेकींवर घासत राहणार. घासली की तापणार, तापली की झिजणार, आणि झिजली की वायर आपसूक आणखी ताणली जाणार. म्हणून दांडीच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळं पाहिजे. मिस्त्रीकडं पट्टी नव्हती. त्यानं आपलं काळं बोट आडवं धरून दाखवलं. "बोटभर ढील. कमी न्हाय, जास्त न्हाय. जास्त झाली तर गिअर अडकत्यात, कमी झाली तर ही गत."

त्यानं वरचा स्क्रू सैल केला. थोडी ढील आली, पण पुरती नाही. मग खाली वाकून इंजिनाजवळचा दुसरा स्क्रू बघितला आणि तिथंच थांबला. बराच वेळ. मग म्हणाला, "आबा, हिकडं या."

वायरीच्या खालच्या टोकाचा तो स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर काढलेला होता. त्यावर चिखल बसून वाळला होता, पानाही बसू नये असा दगडासारखा. मिस्त्रीनं पेचकसानं खरवडला तेव्हा टवके उडाले.

"वरचा स्क्रू आत्ता फिरवलाय, आटं चकचकीत हायत. ह्यो न्हाई. ह्याच्यावर चिखल हाय. आबा, आपल्याकडं आता चैत्र-वैशाखात चिखल कुठं गावतो सांगा बरं?"

आबा काही बोलले नाहीत.

"ह्यो गेल्या पावसाळ्याचा चिखल. म्हंजी वायर त्याच्या आदीच वढून घेतलीया. तवापासनं ही गाडी रोज थोडी थोडी जळतीया."

लिंबाखाली दुसरं गिऱ्हाईक आलं, बसलं. आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग म्हणाले, "दांडी खडखडत हुती. मीच आवळली हुती. मिरगाच्या आदी."

मिस्त्रीनं मान हलवली आणि मला पाने आणायला सांगितलं. पुढं सगळं काम मी जवळून बघितलं. तेल टोपल्यात काढलं, पायदान सोडवलं, किकचा दांडा काढला, उजव्या बाजूचं झाकण उघडलं. पॅकिंग पातेरीसारखं फाटून आलं. चार स्प्रिंगा निघाल्या आणि मग ती चळत. नवी स्प्रिंग शेजारी उभी केली तर जुनी तिच्यापेक्षा बुटकी. तापून तापून बसलेली. भाकऱ्या म्हणजे बुचाच्या गाद्यांच्या प्लेटा. नव्या प्लेटेला खडबडीत गादी आणि मधे तेलाला वाट देणाऱ्या खाचा. जुनीच्या खाचा पुसट झालेल्या, गादी काचेसारखी चकाकत होती. आणि ताटल्यांवर निळे-जांभळे डाग, नांगराचा फाळ भट्टीतून काढल्यावर त्यावर येतात तसे.

"एका दिवसात इतकी झीज हुत न्हाई," मिस्त्री म्हणाला. "एका घाटात जळाल्या असत्या तर एखादी करपली असती. ह्या समद्या सारख्या झिजल्यात. यात्रंत ह्या गेल्या न्हाईत, आबा. यात्रंतनं ह्या परत आल्या ह्येच नवल."

नव्या प्लेटा त्यानं कोरड्या बसवल्या नाहीत. आधी तासभर तेलात भिजत घातल्या. तेवढ्या वेळात आबा स्टँडवर जाऊन चहा पिऊन येतो म्हणाले आणि गेले. ते स्टँडच्या कट्ट्यावर नुसते बसलेले मला लांबून दिसत होते. चहाचा कप हातात नव्हता.

स्प्रिंगा नव्या, प्लेटा नव्या, तेल नवं, पॅकिंग नवं. वायर मात्र जुनीच राहू दिली. तिचा दोष नाही, असं मिस्त्री म्हणाला. शेवटी त्यानं दोन्ही स्क्रू आत घेऊन मधोमध आणले, दांडीपाशी आपलं बोट घातलं आणि आबांना म्हणाला, "तुमीबी घालून बगा." आबांनी घातलं. मग मला घालायला लावलं. आमच्या स्वतःच्या गाईंचं आठवड्याचं दूध त्या बिलात गेलं.

निघताना मिस्त्रीनं जुन्या प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. गिऱ्हाइकाला जुना माल परत द्यायचा ही त्याची रीत होती. एरवी आबा म्हणायचे, काय करू भंगार? त्या दिवशी त्यांनी पुडकं घेतलं आणि सदऱ्याच्या आत ठेवलं. तेलाचा डाग सदऱ्यावरनं पुढं कधी गेला नाही.

घरी आलो तेव्हा तात्या धार काढत होते. आबा बोलले नाहीत. पुडकं सोडलं, एक नवी वाटावी इतकी चकाकणारी गादीची प्लेट आणि एक निळी पडलेली ताटली ओसरीच्या कठड्यावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. तात्या बादली घेऊन आले. त्यांनी प्लेट उचलली, नखानं गादी खरवडून बघितली. मी सांगायला तोंड उघडलं, "तात्या, मिस्त्री म्हणला..." तेवढ्यात मोरीतनं आबांचा आवाज आला.

"चिखल गेल्या पावसाळ्यातला हुता. मीच आवळली हुती वायर."

तात्या थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "उद्या मी जातो दूध घिऊन. तुमी निजा." आणि आत गेले.

एवढंच. माफी नाही, गळामिठी नाही. चुली एक व्हायला आणखी चार दिवस लागले, कारण आई आणि काकूचं जे झालं होतं त्याला गाडीच्या प्लेटा हा पुरावा नव्हता. ते आजीनं मिटवलं, कसं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तुटलेल्या चार घरांपैकी तिघं आखाडापर्यंत परत आली. चौथं टेम्पोकडंच राहिलं.

दोन वर्षांनी आमची वाटणी झालीच. ती टळणार नव्हती. पोरं मोठी झाली होती, घर लहान पडत होतं. पण वाटणी बसून झाली, भांडून नाही. तलाठी, दोन पंच, चहा. बांध मोजले, गाया वाटल्या, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले. गाडीचं नाव निघालं तेव्हा पंचांनी दर ठरवायला सुरुवात केली. आबा म्हणाले, "ती त्याला द्या. पाटल्या त्याच्या घरातल्या हुत्या." काकू दाराआड उभी होती. आबांनी ते ऐकून ठेवलं होतं, हे तिला तेव्हा कळलं.

तात्यांनी त्या गाडीवर पुढं बरीच वर्षं दूध वाहिलं. आता खिंडीतला रस्ता डांबरी झाला आहे आणि वस्तीवरच दूध थंड करायचं यंत्र बसलं आहे, त्यामुळं सातच्या आत पोचायची घाई उरली नाही. दहिवडीचा तो लिंब आहे. मिस्त्रीचा मुलगा तिथंच पक्क्या गाळ्यात बसतो.

मला शाळेत नोकरी लागली. गॅरेजशी संबंध राहिला नाही. तरी शाळेच्या आवारात कुणाची गाडी नुसतीच गळा काढताना ऐकली की मी जवळ जातो आणि आधी दांडीपाशी बोट घालून बघतो. दहातल्या पाच-सहा वेळा तिथं बोट मावत नाही. मालक म्हणतो, सर, मुलानं पळवली असेल, पोरं ऐकत नाहीत. मी म्हणतो, असेल. पण आधी खालचा स्क्रू बघू.